येथे पेपर फुकट वाचायला मिळेल

आमच्या तळोद्यात वर्तमानपत्र विकत घेणारे थोडे आणि वाचणारे फार. हे काही आजचं नाही. केस कापायच्या दुकानात एक पेपर येतो. सकाळी आठला तो अखंड असतो. नवाच्या सुमारास त्याची चार पानं चार गिऱ्हाइकांकडे असतात, दहाला शब्दकोडं कुणीतरी पेनाने (आणि चुकीचं) सोडवलेलं असतं, अकराला राशिभविष्याचा तुकडा कुणाच्या तरी खिशात गेलेला असतो. दुपारनंतर उरलेल्या मजकुरावर भजी येतात. एका पेपरात निदान चाळीस माणसं शहाणी होतात आणि पैसे देतो एकटा दुकानवाला.

पण त्या चाळिसांवर माझा राग नाही. ते निदान पेपर हातात धरतात, दुमडतात, त्यावरून भांडतात. माझा राग आहे तो नव्या फुकट्यांवर. पेपरची गाडी अजून वाटेत असते आणि इकडे पहाटे साडेपाचला मोबाईलच्या ग्रुपवर त्याच पेपरची पीडीएफ येऊन पडते. वर लिहिलेलं असतं, ‘सर्वांनी वाचावे, पुढे पाठवावे.’ पाठवणारे गृहस्थ चांगले निवृत्तिवेतन घेणारे असतात. पाच रुपये रोजाचा पेपर धरला तर महिन्याचे दीडशे होतात. तेवढ्यात त्यांच्या मोबाईलचं रिचार्जदेखील होत नाही. पण रिचार्ज ही गरज आणि पेपर ही चैन! त्या पीडीएफला खाली पन्नास लोक अंगठा दाखवतात. आमच्या लहानपणी ‘अंगठा दाखवणं’ याचा अर्थ निराळा होता. पेपरवाल्यांपुरता तो जुनाच अर्थ अजून खरा आहे.

आमच्या शेजारचे नाना तर मला सरळ विचारतात, “भाऊ, पेपर लिसन काय करस? मोबाईलमा सर्व येस!” नानांचं म्हणणं खरं आहे. मोबाईलमध्ये सर्व येतं. नळाला पूर आला की त्यातही सर्व येतं. म्हणून काही आपण ते पीत नाही.

आता माझं म्हणणं सांगतो. गावच्या बातमीचे पैसे वाचकाने दिले नाहीत, तर ते दुसरा कुणीतरी देतो. आणि जो पैसे देतो त्याचीच बातमी होते. बाकी सगळं भाषण आहे.

पटत नसेल तर दिवाळीत तळोद्याला या. धनत्रयोदशीच्या सुमारास इथून अस्तंब्याच्या यात्रेला भाविकांची रांग लागते. सातपुड्यातल्या त्या उंच शिखरावर अश्वत्थामा आहे, त्याच्या कपाळाची जखम काही केल्या भरत नाही, म्हणून तो तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा. डोंगरातला अश्वत्थामा मला अजून भेटायचा आहे. बाजारपेठेतला मात्र दरवर्षी भेटतो. खांद्याला पिशवी, हातात दिवाळी पुरवणीचं दरपत्रक, आणि चेहऱ्यावर तीच चिरंजीव वेदना. “शेठ, एक छोटीशी शुभेच्छा द्या हो. पाव पान नको, पट्टी तरी द्या.” हा आमचा तालुका वार्ताहर.

त्याला बहुधा पगार नसतो, मानधन असतं. त्यातला मान कुठे आणि धन कुठे, हे त्यालाच हुडकावं लागतं. खरी चूल पेटते ती जाहिरातीच्या कमिशनवर. म्हणजे सकाळी ज्या ठेकेदाराकडे जाऊन वाढदिवसाच्या अर्ध्या पानाची जाहिरात आणायची, त्याच ठेकेदाराच्या रस्त्यावरची खडी दुपारी मोजायची! भीष्मालाही हे जमलं नसतं. आणि भीष्माला निदान राजवाड्यातलं जेवण होतं. मग रस्ता खचतो, पण बातमीत ‘भूमिपूजन थाटात संपन्न’ होतं. आमच्या भागात माणसं जन्मतात, मरतात, उसात बिबट्या दिसला म्हणून शेत सोडून पळतात. पेपरात मात्र सगळं संपन्न होतं. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे खड्डेसुद्धा मान्यवरांच्या उपस्थितीत पडत असावेत.

यात मालकांचा दोष नाही असं कोण म्हणतं? जिल्ह्याच्या नावाने पुरवणी काढायची, तालुक्याच्या माणसाला जाहिरातींचं ‘टार्गेट’ द्यायचं, आणि ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाला बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालून निर्भीडपणावर बोलायचं, हा धंदा मालकांचाच. बाळशास्त्रींनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं. दर्पण म्हणजे आरसा. आता आरसा तोच आहे, फक्त त्यात कोणाचा चेहरा दिसावा याचा दर सेंटिमीटरवर ठरतो.

शिवाय एक नवीन जमात निघाली आहे. गाडीच्या काचेवर ‘प्रेस’, हातात झाडूएवढा माईक, आणि चॅनेलचं नाव असं की ऐकूनच पोलिसांनी उठून उभं राहावं. यांची खरी कमाई दाखवलेल्या बातमीवर नसते, न दाखवलेल्या बातमीवर असते. हेही आपणच पोसलेत. खऱ्या माणसाला पोटापुरतं मिळालं नाही की मैदानात हेच उरतात.

“मग मरू द्या की असले पेपर!” असं आता नाना म्हणणार. थांबा नाना. आमच्या गल्लीतला दिवा तीन महिने बंद होता. तक्रार कोणत्या खात्याकडे केली ते विचारू नका. मला अजून याच गावात राहायचंय. तीन अर्ज दिले, तिन्ही ‘पुढील कार्यवाहीसाठी’ गेले ते गेलेच. शेवटी एका पेपरात सहा ओळी छापून आल्या. वर चौकोनी फोटो, शेजारी कुणाच्या तरी अभिनंदनाची प्रचंड जाहिरात, आणि त्या जाहिरातीच्या काखेत आमचा दिवा. चौथ्या दिवशी दिवा लागला. ग्रुपवर त्याच दिव्याबद्दल दोनशे संदेश फिरले होते आणि त्यातून गल्लीतल्या दोन घरांचं बोलणं बंद होण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

बाहेरच्यांनी आपली दखल घ्यावी म्हणाल तर तीही घेतात, पण कशी? २९ सप्टेंबर २०१० ला आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या, आणि त्यांच्यामागे देशभरचे कॅमेरे आले. पाहुणे उठले, तसे कॅमेरेही उठले. दुसऱ्या दिवशी टेंभलीच्या विहिरीला पाणी किती, हे सांगायला त्यातला एकही मागे राहणार नव्हता. ते काम गावच्या पेपराचं. लग्नाला अख्खी पंचक्रोशी येते. भांडी घासायला घरचाच माणूस लागतो.

आणि घरचा माणूस नसला की काय होतं, ते आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्याने पाहिलंय. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडेबाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं जमावाने ठेचून मारली. त्या अफवेच्या खाली कुणाची सही नव्हती. पेपराच्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते पहा: मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, संपादक फलाणे, पत्ता सर्व्हे नंबरसकट. १८६७ च्या इंग्रजी कायद्याने मुद्रक-प्रकाशकांना आपलं नाव-गाव छापायला लावलं. आपण ती ओळ कधी वाचत नाही. मला ती अख्ख्या पेपरातली सर्वात मोठी बातमी वाटते. ‘हे मी छापलंय, खोटं असेल तर इथे येऊन मला धरा,’ असं सांगणारी ती ओळ आहे. नानांच्या मोबाईलमध्ये सर्व येतं, ती ओळ तेवढी येत नाही.

ती ओळ स्वस्त नाही. कोकणात राजापूरला शशिकांत वारिशे नावाच्या पत्रकाराने रिफायनरीच्या जमिनींच्या वादात एका इसमाविरुद्ध बातमी छापली. ती छापून आली त्याच दिवशी, ६ फेब्रुवारी २०२३ ला, त्या इसमाच्या गाडीने त्यांना उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढे खुनाचा गुन्हा दाखल झाला. नाव घालून लिहिणारा माणूस हा असा उघड्यावर उभा असतो. आणि आपण त्याला विचारतो, पेपर पाच रुपयांना का?

बरं, भावनेचं सोडा, हिशेबाचं बोलू. आपल्या लोकांना हिशेब पटतो. अमेरिकेत २००५ पासून एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रं बंद पडली. तिथल्या तीन प्राध्यापकांनी हिशेब मांडला: ज्या भागातला पेपर बंद पडतो, तिथल्या नगरपालिकांना कर्ज महाग पडतं. व्याज ०.०५ ते ०.११ टक्क्यांनी चढतं, कारण पाहणारा कुणी नाही म्हटल्यावर सावकारही सावध होतो. आकडा बारीक दिसतो. कर्ज कोट्यवधींचं असलं की तो बारीक राहत नाही, आणि फेडायचा असतो घरपट्टीतून. म्हणजे पेपराचे पैसे आपण दोन्हीकडून देतोच. एका वाटेने दिले तर सकाळी वाचायला तरी मिळतं.

उपाय नाहीत असंही नाही. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली खेड्यातल्या बायकांनी ‘खबर लहरिया’ काढलं, बुंदेली बोलीत. आता त्या मोबाईलवर बातम्या देतात. छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ चालू झालं. तिथे आदिवासी माणूस साध्या फोनवर आपल्या बोलीत आपली बातमी सांगू लागला. आमच्या बाजारात अहिराणी आहे, भिलोरी आहे, पावरी आहे, गुजरी आहे. पेपरात एकच बोली, ‘संपन्न’! नर्मदेकाठून उठवून या तालुक्यात वसवलेल्या माणसांचं काय चाललंय, पपईला आज व्यापारी काय भाव देतो, आश्रमशाळेत मास्तर आले की नाही, हे सांगणारं पान निघालं तर ते वाचायला माणसं कमी पडणार नाहीत. छापायलाच हवं असंही नाही; मोबाईलवर द्या, पण खाली नाव टाका. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांच्या अर्जावर खात्याच्या फायली बोलू लागतात. पेपर नोंदवायचा नवा कायदाही १ मार्च २०२४ पासून आला. जे काम कचेरीच्या पायऱ्या झिजवून व्हायचं, ते आता घरबसल्या होतं. अवजारं सगळी आली आहेत. फक्त गिऱ्हाईक उधारीवर आहे.

तेव्हा मालकहो, बातमी आणणारा माणूस आणि जाहिरात आणणारा माणूस वेगळे करा. बातमी आणणाऱ्याला पगार द्या, मान तो स्वतः मिळवील. आणि वाचकहो, पहिल्या तारखेला पेपरवाला पोऱ्या बिल घेऊन दारात उभा राहील, तेव्हा आतून ‘नंतर ये’ म्हणून ओरडू नका. अस्तंब्याचा अश्वत्थामा चिरंजीव आहे, त्याला थांबायला सवड आहे. तालुक्याचा पेपर चिरंजीव नाही.