उजेड जमा, अंधार नावे

मोटारीच्या हेडलाइटला कोणत्या रंगाचा बल्ब घ्यावा, हा काय मासिकात मांडण्याचा प्रश्न आहे, असे कोणी विचारील. माझ्या मते आहे. कारण या खरेदीत पैसे एक जण मोजतो आणि त्रास दुसराच भोगतो.

हल्ली ‘६००० केल्व्हिन’चा पांढराशुभ्र एलईडी बल्ब ‘जादा पॉवरचा’ म्हणून खपतो. वास्तविक केल्व्हिन हे उजेडाचे माप नव्हे, रंगाचे आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होते. तसाच हा आकडा चढेल तसा प्रकाश पिवळ्याकडून निळसर पांढऱ्याकडे जातो. साधा हॅलोजन सुमारे ३२०० केल्व्हिनचा, दुपारचे ऊन सुमारे ५५०० चे. उजेड किती, हे ल्युमेनचा आकडा सांगतो. म्हणजे गिऱ्हाईक भलताच आकडा वाचून पैसे मोजते!

पिवळा प्रकाश धुके भेदतो, हा समजही पुरता खरा नाही. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींहून बरेच मोठे असतात, त्यामुळे ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. मात्र निळसर प्रकाश डोळ्यांना अधिक खुपतो, हे खरे. फ्रान्सने १९३६ साली पिवळ्या हेडलाइटचा नियम केला, तो १९९३ पर्यंत टिकला.

रंगाहून मोठा दोष बसवणुकीचा. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब कोंबला, की आतल्या आरशाचा हिशेब चुकतो आणि झोत वर उधळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम सांगतो, की आठ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये. दीड मीटर ही साधारण पायी चालणाऱ्याच्या डोळ्यांची उंची!

माझे लाटंबार्से गाव डिचोली तालुक्यात, दोडामार्गच्या सीमेजवळ. तिथे पावसाळ्यात शेवटच्या बसमधून उतरून रस्त्याच्या कडेने घरी जाणारी माणसे मी पाहतो. समोरून पांढरा झोत आला, की त्यांना पायाखालचे गटारही दिसत नाही. वाणिज्याच्या भाषेत, उजेड गाडीवाल्याच्या खाती जमा आणि अंधार पादचाऱ्याच्या नावे. असा ताळेबंद कोण मंजूर करील?

तेव्हा मित्रांनो, बल्ब बदलायचाच तर गाडीच्या पुस्तकात सांगितला आहे तोच घ्यावा, झोत भिंतीवर पाडून तपासून घ्यावा आणि समोर माणूस दिसताच डिपर द्यावा. यात खर्च फारसा नाही. समोरच्याची आठवण तेवढी हवी.