घसा नव्हे, पकड बघा!

डोंबिवलीकराला इंचाचे महत्त्व कुणी शिकवायला नको. लोकलमध्ये चौथ्या सीटवर जे टेकायला मिळते, ते इंचातच मोजावे लागते. त्यामुळे कुठल्याही वस्तूत चार इंच जास्त मिळाले की आम्हाला जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटते. फ्रिज असो, टीव्ही असो, नाहीतर लाकडावर नक्षी कापायची स्क्रोल सॉ असो. जुनी करवत काढून चांगली घ्यायची म्हटले की सोसायटीतले सगळे एकच मंत्र म्हणतात, "अहो, घेताच आहात तर वीस इंची घ्या!" माझे भांडण आहे ते या इंचवाद्यांशी.

हे इंच कसले, ते आधी सांगतो. स्क्रोल सॉ ही शिलाई मशीनची चुलतबहीण. सुईच्या जागी बारीक पाते असते, ते खालीवर नाचते आणि आपण प्लाय फिरवत राहायचे. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर म्हणजे यंत्राचा घसा. दुकानात गेलात की विक्रेता घशाबद्दलच बोलतो. सोळा इंची घसा, वीस इंची घसा! आपण करवत घ्यायला आलो की गवई ठरवायला, हेच कळेनासे होते.

आता साधा हिशेब करा. सोळा इंची घशात तीस इंच व्यासाच्या गोल प्रभावळीच्या थेट मध्यापर्यंत पाते पोचते, कारण मध्यापासून कड पंधराच इंच. याहून मोठा गणपती तुमच्या ब्लॉकमध्ये येणार कुठून? आणि आलाच, तर प्रभावळ दोन तुकड्यांत कापून जोडता येते. सांधा वेलबुट्टीखाली लपतो. उरलेले चार इंच बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि तुळशीच्या मध्ये, वर्षभर नुसते बसून असतात.

खरा प्रश्न आहे पकडीचा. जाळीकाम म्हणजे भोकेच भोके. प्रत्येक भोकासाठी पाते वरून सोडवायचे, प्लायमधून ओवायचे, पुन्हा आवळायचे. समजा जाळीला सत्तर भोके आहेत. किल्लीने स्क्रू पिळत बसलात आणि दर भोकाला दोन मिनिटे लागली, तर एकशे चाळीस मिनिटे नुसत्या ओवण्यात गेली. बोटाने फिरणारी पकड असेल आणि अर्ध्या मिनिटात काम झाले, तर पस्तीस. वाचले पावणेदोन तास! तेवढ्या वेळात फास्ट लोकलने सीएसएमटी गाठून वर चहासुद्धा होतो. पण "पकड कशी आहे हो?" असे विचारा, विक्रेता तुमच्याकडे अशा नजरेने बघतो, की तुम्ही साडीच्या दुकानात जाऊन पिशवीचा भाव विचारलात.

पात्याचेही तसेच. स्वस्त यंत्रांत बहुधा टोकाला आडवी खीळ असलेले पातेच बसते. ती खीळ जायची तर भोक तूरडाळीएवढे हवे. साध्या टोकाच्या बारीक पात्याला मोहरीएवढे पुरते. मोराच्या पिसाऱ्यात तूरडाळीएवढी भोके पाडलीत, तर मोराला देवी आल्यासारखे दिसेल. साधे पाते धरणारी पकड नसेल, तर घसा वीस इंची असो नाहीतर वीस फुटी, नाजूक जाळी होणे नाही.

तिसरी गोष्ट थरथर. लांब हात स्वस्तात केले की ते थरथरतात. हाताखालची रेघ थरथरते आणि खालच्या मजल्यावरची दुपारची झोपही. म्हणून बूड जड हवे, वेग कमीजास्त करता यायला हवा आणि यंत्र भक्कम टेबलाला बोल्टने आवळून खाली रबर घालायला हवे. हे इंचात मोजता येत नाही, म्हणून जाहिरातीत येत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा करवतीसाठी एवढा त्रागा कशाला? सांगतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि तयार मखर आणून ठेवणाऱ्या घरांना पुन्हा लाकूड-पुठ्ठा आठवला. प्लायची जाळी एकदा नीट कापली, तर ती दरवर्षी माळ्यावरून निघते आणि नातवंडांपर्यंत पोचते. पण कापणाऱ्याला रविवार एकच, त्यातही अर्धा दळण आणि भाजीचा. उरलेला वेळ स्क्रू पिळण्यात गेला, तर दुसऱ्या रविवारी यंत्रच माळ्यावर जाते, आणि शेजारी उभे राहून बघणारे पोर पुन्हा मोबाइलकडे वळते. इंचवाद्यांनी अशा किती जाळ्या जन्माआधीच मारल्या असतील, याचा हिशेब कोण ठेवतो?

तेव्हा दुकानात जाताना भोक पाडलेला प्लायचा तुकडा खिशात ठेवा. विक्रेत्याला म्हणा, "यातून पाते ओवून दाखवा," आणि घड्याळ बघा. मग यंत्र पूर्ण वेगात चालू करून त्याच्या टेबलावर एक रुपया कडेवर उभा करा. रुपया उभा राहिला, तर पाकीट काढा. पडला, तर तो उचलून घरी या. तोटा काहीच नाही.