पेन्सिलच्या नोंदीला रकाना कुठे?

खरेदीखत किंवा वारसाचा अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे) आला, की हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात गाव नमुना 6 मध्ये फेरफार लिहिला जाई आणि त्याचा क्रमांक सातबाऱ्यावर पेन्सिलने टाकला जाई. मग हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, शेवटी मंडळ अधिकाऱ्याची सही. नोंद प्रमाणित झाली की पेन्सिलच्या जागी शाई येई आणि जुन्या नावाला कंस होई. तोवर त्या फिकट आकड्यावरून पाहणाऱ्याला एवढे नक्की कळे, की या जमिनीचे काहीतरी चालले आहे आणि ते अजून पक्के नाही.

नमुन्याच्या कोऱ्या छापील कागदावर मात्र पेन्सिलसाठी रकाना नव्हता.

नव्या संगणक प्रणालीच्या गरजा गोळा करायला निघालेला अ‍ॅनालिस्ट कचेरीत गेल्यावर बहुधा कोरे नमुने आणि शासन निर्णय मागतो. ते त्याला आनंदाने दिले जातात, कारण त्यात कोणाचीच अडचण नसते. त्यांतून डेटाबेसची टेबले होतात, पडदे होतात. खाडाखोड झालेले, समासात शेरा मारलेले, मागच्या बाजूला फोन नंबर लिहिलेले भरलेले कागद कपाटातच राहतात, आणि खरे काम त्या कागदांत असते. ‘अजून ठरलेले नाही’, ‘रद्द झाले पण पुसायचे नाही’, ‘यावर वाद आहे’ या अवस्था कोऱ्या नमुन्यात क्वचितच सापडतात. सातबाऱ्यापुरते बोलायचे तर सप्टेंबर 2020 मध्ये नमुना बदलला तेव्हा प्रलंबित फेरफार त्यावर उघड दाखवण्याची तरतूद झाली आणि कमी झालेल्या नोंदींवर कंसाऐवजी आडवी रेष आली. पेन्सिल आणि कंस यांचे काम तेव्हा नमुन्यातच लिहिले गेले.

अशा गरजा सुटल्या तर काय होते, याचे सगळ्यात बोलके उदाहरण लंडनचे आहे. तिथल्या रुग्णवाहिका सेवेने 26 ऑक्टोबर 1992 रोजी गाड्या पाठवण्याचे काम संगणकाकडे सोपवले. दोन दिवसही निघाले नाहीत, अर्धे काम पुन्हा हाताने सुरू करावे लागले. 4 नोव्हेंबरच्या पहाटे प्रणाली पूर्ण ठप्प झाली आणि नियंत्रण कक्ष कागदावर परतला. फेब्रुवारी 1993 चा चौकशी अहवाल सॉफ्टवेअरच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने एकदा तरी मुळातून वाचावा. 4 नोव्हेंबरचा दोष सरळ प्रोग्रामिंगचा होता: सर्व्हरची मेमरी थोडी थोडी अडवून ठेवणारा, चुकून राहून गेलेला कोड. पण 26 आणि 27 ऑक्टोबरला संगणक तांत्रिक अर्थाने बिघडलाच नव्हता, असे अहवाल म्हणतो. जे करण्यासाठी तो बनवला होता, तेच तो करत होता!

ती रचना कशावर उभी होती? प्रत्येक गाडी कुठे आहे आणि काय करते आहे, ही माहिती कायम अचूक मिळेल या गृहीतकावर. प्रत्यक्षात काही भागांत रेडिओ नीट पोचत नसे. कर्मचारी घाईत बटणे चुकीच्या क्रमाने दाबत, कधी नेमून दिलेली गाडी सोडून दुसरीच घेऊन निघत. जुन्या पद्धतीत फोन घेणारा फॉर्म भरी, फॉर्म सरकत्या पट्ट्यावरून एका टेबलाशी जाई, आणि एकाच अपघाताचे दोन-तीन फॉर्म आले तर तिथला माणूस ते ओळखून बाजूला काढी. नव्या प्रणालीला दुबार कॉल नीट ओळखता आले नाहीत. इशाऱ्यांची रांग वाढत गेली आणि आधीचे इशारे पडद्यावरून वर सरकत दिसेनासे झाले. गरजांचा दस्तऐवज तयार होताना रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांचा सहभाग जवळजवळ नव्हता. दस्तऐवज ढोबळ मुळीच नव्हता. उलट तो फार बारकाईने लिहिलेला होता, आणि नेमके तेच अधिक घातक ठरले, कारण चुकीचे गृहीतकही त्यात तितक्याच बारकाईने पक्के झाले.

आपल्याकडे 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकांची नोंद करण्याचे तलाठ्याच्या लेखणीचे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. 2022 च्या दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्याला स्वतःची नोंद 48 तासांत दुरुस्त करण्याची सोय मिळाली आणि मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके नोंदवता येऊ लागली. अनुभवातून शिकणे चांगलेच. पण सोयाबीनमध्ये तूर किंवा कपाशीत मूग-उडीद असतो, हे पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही बांधावर उभे राहिले तरी दिसते. आणि फोनवर नोंद करणारा माणूस चुकतो, हे तर कळायला बांधापर्यंतही जावे लागत नाही.

गरजा पडताळण्याचा आपला नेहमीचा मार्ग म्हणजे साइन-ऑफ. दोनशे पानांचा एसआरएस, म्हणजे गरजांचा दस्तऐवज, खात्याकडे जातो, खात्याने नेमलेला समन्वयक तो चाळतो आणि सही होते. हा समन्वयक बऱ्याचदा हुशार, बढती मिळालेला आणि म्हणूनच प्रत्यक्ष टेबल सोडून बरीच वर्षे झालेला असतो. नियम काय, हे त्याला चोख माहीत असते. नियमात न बसणारे प्रकरण आज टेबलावर कसे मार्गी लावतात, हे त्याच्या हाताखालच्या कारकुनाला माहीत असते. त्या कारकुनालाही ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारून उपयोग नाही. तो ‘सिस्टिम फास्ट पाहिजे’ एवढेच सांगेल. ‘काल आलेले शेवटचे अडलेले प्रकरण दाखवा’ म्हटले, की तो उठून फाईल आणतो आणि पुढचा तासभर बोलतो.

सहीवर एवढा जोर का, याचे उत्तर निविदेत आहे. एसआरएस मंजूर झाला की बिलाचा एक हप्ता निघतो, त्यामुळे पुरवठादाराला सहीची घाई आणि खात्याला मार्चअखेरची. त्या हप्त्याची अट बदलून पाहायला हरकत नाही. खात्यानेच किचकट म्हणून निवडलेली वीस जुनी प्रकरणे, त्यात वादाची आणि अर्धवट राहिलेलीही, त्या टेबलावरच्या कारकुनाने कागदावर काढलेल्या पडद्यांवरून शेवटपर्यंत नेऊन दाखवावीत. जिथे अडेल तिथे दस्तऐवज दुरुस्त व्हावा आणि मगच बिल निघावे. त्या आठवड्यात कारकुनाच्या टेबलावर बसायला बदली माणूस लागेल, त्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा लागेल. सध्या तो कुठल्याच शीर्षाखाली दिसत नाही.