एमिलीबाई नुसता निरोप सांगत नव्हत्या



मागच्या शनिवारी बाईंनी आम्हाला ब्रुकलिन पुलाची गोष्ट सांगितली. हा पूल अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात आहे. पूर्वी तिथे नदी ओलांडायला नावेतूनच जावे लागे. हिवाळ्यात नदीत बर्फ आला की नावा अडत. आपला ओढा पावसाळ्यात अडवतो ना, तसंच.

पुलाची योजना जॉन रोबलिंग यांची. पण १८६९ साली जागा पाहताना धक्क्यावर त्यांचा पाय चिरडला आणि धनुर्वाताने ते वारले. मग त्यांचा मुलगा वॉशिंग्टन मुख्य इंजिनियर झाला. मनोऱ्यांचा पाया नदीच्या तळात घालायचा होता. त्यासाठी लाकडाची भलीमोठी पेटी पालथी बुडवली. बाईंनी तांब्या पालथा घालून बादलीत दाबून दाखवला. आत हवा राहते, पाणी शिरत नाही. त्या पेटीत जोराने हवा भरत आणि माणसे आत उतरून तळ खणत. पण तिथून भरकन वर आले की रक्तात बुडबुडे होऊन अंग दुखते, लुळे पडते. काही मजूर त्याने मेले. १८७२ साली वॉशिंग्टनही अंथरुणाला खिळले.

मग त्यांची पत्नी एमिली पुढे झाल्या. त्या मोठे गणित शिकल्या. तारेच्या दोराला किती ताण बसतो, कोणता माल किती भार पेलतो, हे शिकल्या. नवऱ्याच्या सूचना घेऊन त्या वर्षानुवर्षे कामावर जात आणि तिथल्या इंजिनियरांच्या शंकांना उत्तरे देत.

तेवढ्यात वर्गातला एक मुलगा म्हणाला, "त्यात काय, नवऱ्याचा निरोपच सांगायच्या की!" सगळे हसले. मला राग आला, पण तेव्हा बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिते.

परवा बाईंनी मला गुरुजींकडे धाडले. "सांग, पताकांना पंचवीस मीटर सुतळी लागेल." गुरुजींनी विचारले, "झोळ धरलाय का त्यात?" मी नुसती बघतच राहिले. सुतळी बांधली की मधे लोंबते, तो झोळ. मला ठाऊकच नव्हते. मी परत पळत आले. म्हणजे ज्याला काम कळत नाही, त्याला निरोपसुद्धा धड सांगता येत नाही. ब्रुकलिनचा पूल तर झोळ दिलेल्या जाड तारदोरांवरच टांगलेला आहे! एमिलीबाईंना सगळे कळत होते, म्हणूनच त्या उत्तरे देऊ शकल्या.

पूल त्यांनी एकटीने बांधला असे मी म्हणत नाही. इंजिनियर आणि मजूर पुष्कळ होते. पण त्यांनाही बांधणाऱ्यांत धरले पाहिजे, असे माझे मत आहे.

२४ मे १८८३ रोजी पूल सुरू झाला. दोन मनोऱ्यांमधले अंतर १५९५ फूट. त्याच्या आधीच एमिलीबाई घोडागाडीतून सर्वांत प्रथम पुलावरून गेल्या. विजयाची खूण म्हणून त्यांच्याजवळ एक कोंबडा होता! पूल आजही वापरात आहे. पुलावर त्यांच्या नावाची पाटी मात्र १९५१ साली लागली. म्हणजे ६८ वर्षांनी. एमिलीबाई तर १९०३ सालीच वारल्या होत्या.

आता घरातलं सांगते. माझ्या ताईला सातवीत गणितात सगळ्यांपेक्षा जास्त गुण आहेत. हायस्कूल ओढ्यापलीकडे आहे. आबा म्हणतात, "ओढ्याला पाणी येतं, पोरीला कशाला धाडायचं? अन् गणित शिकून काय पूल बांधायचाय?"

आबा, मला वाटतं, हो, बांधायचाय. पावसाचे चार दिवस शाळा बुडाली तर बुडू दे, पण बाकीचे दिवस तिला जाऊ द्या. शिकलीच नाही, तर ओढ्यावर पूल कसा व्हायचा?

पालकसभेला तुम्ही येणार आहात. तेव्हा हे नक्की वाचा. चष्मा विसरलात तर ताई वाचून दाखवील.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी