सात नंबरचं फसवं मोठेपण

मध्यम हँडिकॅपच्या खेळाडूने आयर्न निवडण्यात वेळ घालवावा असं म्हटलं, की दोन प्रकारची माणसं हसतात. पहिली क्लबातली जुनी मंडळी. त्यांचं म्हणणं, ‘नाचता येईना अंगण वाकडं! आधी स्विंग सुधारा, मग लोखंड बदला.’ दुसरे विक्रेते आणि त्यांचं ऐकून आलेले खेळाडू. त्यांच्या मते यात निवडण्यासारखं काही नसतंच. फटक्याचं अंतर मोजणाऱ्या यंत्रासमोर उभं राहायचं, चार कंपन्यांचं सात नंबरचं आयर्न मारून बघायचं आणि जे सर्वांत लांब जाईल त्याचा सेट घ्यायचा. पहिल्या मतात निम्मं तथ्य आहे. दुसऱ्यात त्याहून कमी आहे, आणि तेच मत सध्या जोरात आहे.

ही चर्चा मावळात बसून करण्याला कारण आहे. इथल्या बेडसे गावात गोल्फचं मैदान नाही. इथे माणसं येतात ती लेणी बघायला, पवना धरणावर किंवा स्वतःच्या शेतघरात दोन दिवस काढायला. पण त्या शेतघरवाल्यांतल्या काहींच्या डिकीत गोल्फची बॅग असते. त्यांना एका अंगाला लोणावळ्यापलीकडचं अँबी व्हॅलीचं मैदान आहे, दुसऱ्या अंगाला बावधनचं ऑक्सफर्ड आणि येरवड्याचं पूना क्लबचं. जमीन, पाऊस आणि उतार पाहिले तर यातलं कुठलंच मैदान दुकानाच्या वातानुकूलित खोलीतल्या प्लास्टिकच्या चटईसारखं नाही. माझा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो.

आधी अंगणाचं बघू. बावधनचं मैदान डोंगरउतारावर आहे. तिथे चेंडू कधी पायांपेक्षा वर असतो, कधी खाली. अंगण खरोखरच वाकडं आहे! पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी ‘आधी स्विंग, मग क्लब’ हा क्रम टिकत नाही. आयर्नचा लाय अँगल, म्हणजे जमिनीशी शाफ्टचा होणारा कोन, तुमच्या उंचीला आणि उभं राहण्याच्या पद्धतीला जुळत नसेल, तर टो, म्हणजे क्लबचं पुढचं टोक, वर उचललेला राहतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा नीट मारलेला चेंडूही डावीकडे जातो. खेळाडू काय करतो? तो चेंडू सरळ जावा म्हणून नकळत स्विंग वाकडा करतो. मग प्रशिक्षकाकडे जाऊन तोच वाकडेपणा काढायला पैसे मोजतो. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेले कार्स्टन सोल्हाइम यांनी पिंग कंपनी काढली आणि लायप्रमाणे आयर्नवर रंगीत ठिपके द्यायची पद्धत रुजवली. क्लबचं वजन कडेला वाटून टाकण्याची, म्हणजे कॅव्हिटी बॅकची, कल्पनाही त्यांनीच लोकप्रिय केली. हे सारं खेळाडू आधी निर्दोष होईल मग क्लब बघू, असं म्हणून झालेलं नाही. सामान्य माणूस चुकणारच, हे गृहीत धरून झालं आहे.

जुन्या मंडळींचा एक पोटमुद्दा असा, की फोर्ज्ड (घडीव), सपाट पाठीचं ब्लेडच घ्यावं, ते चुकीबद्दल शिक्षा देतं आणि शिक्षेने माणूस सुधारतो. टायगर वूड्स आयुष्यभर ब्लेड खेळला हा दाखला ठरलेला. दाखला खरा, पण तो त्याच्यापुरताच. आज कित्येक व्यावसायिक खेळाडूसुद्धा लांबच्या आयर्नसाठी कॅव्हिटी बॅक आणि छोट्यांसाठी ब्लेड असा मिश्र सेट बाळगतात. रोज शेकडो चेंडू मारणाऱ्याला मदत चालते आणि रविवारी खेळणाऱ्याने मात्र शिक्षा भोगायची, हे तर्कशास्त्र मला कळत नाही.

आता दुसरा पूर्वपक्ष, विक्रेत्यांचा. जुन्या सेटमध्ये पाच नंबरचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या चेहऱ्याचा मागे कलण्याचा कोन, साधारण २८ अंश, सातचा ३६ च्या आसपास आणि पिचिंग वेजचा ४८ च्या आसपास असे. आज ‘गेम इम्प्रूव्हमेंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सेटांत सात नंबर २८ ते ३० अंशांचं असतं आणि शाफ्टही थोडा लांब असतो. म्हणजे यंत्रासमोर तुमचं नवं ‘सात’ जुन्या ‘सात’पेक्षा वीस यार्ड पुढे गेलं, तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात जुनं पाच नंबर मारलेलं असतं. वर कोरलेला आकडा बदलला आहे, तुमचा जोर नाही.

विक्रेत्याकडे याला उत्तर आहे आणि ते टाकाऊ नाही. नव्या आयर्नचा गुरुत्वमध्य खाली असतो, चेहरा पातळ आणि उसळणारा असतो. त्यामुळे कमी लॉफ्ट असूनही चेंडू जुन्या सातइतकाच उंच जातो. जुना लॉफ्ट ठेवला तर तो नुसताच आभाळात चढेल. हे मान्य. पण चेंडू उंच गेला म्हणजे तो ग्रीनवर थांबेलच असं नाही. थांबण्यासाठी फिरकी लागते आणि उतरण्याचा कोन तीव्र लागतो. फिटिंग करणारे साधारण ४५ अंशांचा अंदाज धरतात. फिरकी कमी असलेला चेंडू ग्रीनवर पडून मागच्या बंकरात जातो आणि आपण म्हणतो, नशीब वाईट. शिवाय आयर्नने लांब मारायचं नसतं, ठरल्या जागी टाकायचं असतं. लांब मारायला बॅगेत ड्रायव्हर आहे.

याहून मोठं नुकसान सेटच्या दुसऱ्या टोकाला होतं. सात नंबरचा लॉफ्ट आवळला की पिचिंग वेजचाही आवळावा लागतो. तो ४३ अंशांवर येतो, आणि तुमचा जुना सँड वेज ५६ वरच असतो. मधे १३ अंशांची दरी पडते. मध्यम खेळाडूच्या हिशेबात ही तीस ते चाळीस यार्डांची मोकळी जागा आहे, आणि त्याचे बरेचसे फटके नेमके त्याच अंतरातून येतात. मग त्याला सांगतात, एक गॅप वेज घ्या. नियमाने बॅगेत १४ च क्लब चालतात, म्हणून एक काही बाहेर काढावं लागतं. वीस यार्ड ‘मिळवले’ म्हणून आनंदाने पैसे दिले, आणि पडलेलं भोक बुजवायला पुन्हा पैसे दिले. या व्यापाराला दाद द्यायला हवी!

जाता जाता हवेचंही. मुंबईकर इकडे आला की म्हणतो, घाटमाथ्यावर चेंडू एक क्लब जास्त जातो. लोणावळ्याची उंची सव्वासहाशे मीटरच्या आसपास. इथे विरळ हवेमुळे दीडशे यार्डांच्या फटक्यात मुंबईपेक्षा जेमतेम तीन-चार यार्डांची भर पडते. बाकीचे यार्ड त्या २८ अंशांचे.

आता जमीन. चटईवर क्लब चेंडूच्या दीड-दोन इंच मागे आपटला तरी तो घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि यंत्राच्या पडद्यावर फटका सुरेख दिसतो. गवतावर तोच फटका चेंडूआधी माती उपटतो आणि चेंडू निम्म्या वाटेत बसतो. मध्यम हँडिकॅपवाल्याची सर्वांत मोठी चूक हीच, आणि चटई नेमकी हीच चूक लपवते. आपल्याकडच्या फेअरवेवर बहुधा बर्म्युडा गवत असतं, म्हणजे आपली हरळीच किंवा तिचे संकर. जी शेतकरी शिव्या देत उपटतो, तिच्यासाठी इथे माळी नेमलेले असतात. ही हरळी एप्रिल-मेमध्ये कडक जमिनीवर दाट, खरखरीत बसते. पावसाळ्यात सगळं उलटतं. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जमीन लोण्यासारखी होते. रुंद सोलचं, म्हणजे रुंद तळाचं, आयर्न ओल्या जमिनीत रुतत नाही, तरंगतं. तेच मे महिन्यात टणक जमिनीवरून उसळून चेंडूच्या पोटात बसतं. अरुंद सोल कोरड्यात धारदार वाटतो, जुलैत कुदळ होतो. म्हणून मध्यम रुंदीचा, पुढची-मागची कड घासलेला सोल मी सुचवतो. हा फरक कुठल्याही पडद्यावर दिसत नाही.

मग निवडावं कसं? ड्रायव्हिंग रेंजवर, गवतावरून, स्वतःचं जुनं आयर्न शेजारी ठेवून. फक्त सात नंबर मारू नये. सेटमधलं सर्वांत लांबचं आणि पिचिंग वेज हे दोन्ही मारावेत, कारण सात नंबर सगळ्यांनाच मारता येतं. दहा चेंडू मारले तर दहाही मोजावेत. ‘हा धरू नका, हा चुकला’ असं म्हणत फिटरने वाईट फटके पुसले, तर त्याने तुमचीच माहिती पुसली. सर्वांत लांब गेलेला चेंडू विसरा. सर्वांत आखूड पडलेला आणि सर्वांत लांबचा यांत किती अंतर आहे, डावी-उजवीकडचा पसारा किती, हे बघा. ज्या आयर्नचा वाईट फटका कमी वाईट, ते तुमचं. लायसाठी चेंडूवर मार्करने उभी रेघ ओढा आणि ती बाजू क्लबकडे ठेवून मारा. चेहऱ्यावर रेघ तिरकी उमटली तर लाय चुकला आहे. फोर्ज्ड मऊ पोलादाचा क्लब दोन अंश सहज वाकवता येतो, कडक ओतीव पोलादाचा तितका नाही. म्हणून हे घेण्याआधी तपासायचं.

शाफ्टचा विषय पौरुषाशी जोडण्याची खोड सोडावी. १२० ग्रॅमचा पोलादी शाफ्ट आणि ६५ ग्रॅमचा ग्राफाइट यांतलं योग्य काय, ते स्विंगचा वेग ठरवतो. ‘लेडीज’ नावाचं लेबल किंवा मिशी ठरवत नाही. ज्याचा वेग खरंच मंद आहे, ज्याचा चेंडू उठतच नाही, त्या साठीतल्या खेळाडूने ते कमी लॉफ्टचं, खालच्या वजनाचं आयर्न खुशाल घ्यावं. मात्र वेजची दरी मोजून.

कॅडीला विचारायलाही विसरू नका. चार फेऱ्या तुमच्याबरोबर चाललेला कॅडी ‘साहेब, सहा घ्या’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात तुमचे सगळे आखूड पडलेले चेंडू असतात. पडद्याकडे फक्त आजचे, एसीतले असतात. पुढच्या वेळी दुकानात कोणी म्हणालं, ‘हे बघा, सात नंबर एकशे साठ गेलं,’ तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा: याचा लॉफ्ट किती, आणि पिचिंग वेजचा किती? उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या.