काम किनाऱ्यावर, पदवीधर मुंबईत

जीवशास्त्र घेऊन पुढे काय, हा प्रश्न बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला घरीदारी विचारला जातो. आंजर्ल्यासारख्या गावात त्याला अधिकच धार येते. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून प्राणिशास्त्राकडे वळलेली मुलगी एस.टी.ने दापोली गाठते, पदवी मिळविते आणि ठरावीक वाटांपाशी येऊन थांबते. बी.एड. करून शिक्षकभरतीची वाट पाहावी, डी.एम.एल.टी. करून रक्त तपासावे, औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात तिष्ठावे, की लोट्याच्या रासायनिक कारखान्यात कंत्राटी नोकरी धरावी? राज्य वनसेवेची परीक्षा तिला खुली आहे, पण जागा मोजक्या. एम.एस्सी.साठी मुंबई-पुण्याचा खर्च ज्याच्या घराला झेपतो, त्यालाच पर्यायांची यादी लांब दिसते.

यातील कोणतेही काम हलके नाही. परंतु मूळ प्रश्न वेगळा आहे. जीवशास्त्राचे काम आंजर्ल्यात नाही काय?

थंडीत रात्री ऑलिव्ह रिडले जातीची मादी या वाळूत येऊन शंभरेक अंडी घालते. ती अंडी एकेकाळी सर्रास उकरून नेली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेने २००२ साली वेळासला संरक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते आंजर्ल्यासह इतर किनाऱ्यांवर पसरले. आज येथील कासवमित्र पहाटे घरटी शोधतात, अंडी कुंपणात हलवितात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले समुद्रात सोडतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते; वाळू अधिक तापली तर माद्याच अधिक निपजतात. तेव्हा रोज तापमान नोंदविणे आणि त्या नोंदींचा अर्थ लावणे हे शास्त्राचेच काम होय. जानेवारी २०२२ मध्ये आंजर्ल्याच्या एका मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून ‘सावनी’ असे नाव देण्यात आले. हा प्रयोग वनविभागाचे कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा होता. शास्त्र आंजर्ल्यापर्यंत आले. आंजर्ल्याच्या पदवीधराला मात्र त्यात जागा नव्हती.

शेजारी हर्णैच्या बंदरात रोज मासळीचा लिलाव होतो. जोग नदीच्या खाडीत कांदळवन आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आडव्या केलेल्या नारळी-पोफळीच्या बागा पुन्हा उभ्या करावयाच्या आहेत. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून आहे. म्हणजे ज्ञान दूर नाही आणि काम तर दारातच आहे. नाही ते पद. कासवमित्राला हंगामापुरते मानधन मिळते; हंगाम संपला की कामही संपते.

सरकार सर्वांना नोकऱ्या कोठून देणार, असा आक्षेप हमखास येईल. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचे रक्षण ही शासनाने स्वतः पत्करलेली जबाबदारी आहे. ती हंगामी मानधनावर भागविणे हा न्याय नव्हे. शिवाय वर्षभराचे काम सहज बसते. नोव्हेंबर ते मे कासवांची घरटी. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत कांदळवनाची पाहणी. ऑगस्टपासून बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या जातीवार नोंदी. किनाऱ्यावरील प्रत्येक मोठ्या गावागणिक असे एक कायम पद निर्माण करणे राज्याच्या तिजोरीला अवघड नाही.

येथे एक सावधगिरी हवी. पदवीच्या जोरावर कासवमित्राला बाजूला सारणे हा नवा अन्याय ठरेल. पाऊलखुणेवरून घरटे ओळखण्याची त्याची विद्या पुस्तकात नाही. पदवीधराने त्याच्याकडून शिकावे, त्याच्या नोंदी शास्त्रापर्यंत न्याव्यात, आणि दोघांनाही वर्षभराचे वेतन मिळावे.

म्हणून कार्यकर्त्यांनी ‘पुढे काय?’ हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारू नये. तो ग्रामसभेत मांडावा, ठराव करून जिल्हा परिषद व वनखात्याकडे न्यावा, आणि महाविद्यालयाकडे किनाऱ्यावरील प्रात्यक्षिकांचा आग्रह धरावा. आंजर्ल्याच्या मुलीने मुंबईस जावयाचे असेल तर खुशाल जावे. पण गावात तिच्या विद्येचे काम पडून असताना, केवळ त्याला पगार नाही म्हणून तिला जावे लागू नये.