परदेशातले रिकामे महिने आणि घरून येणारा फोन

बीड जिल्ह्यात १४ एप्रिलच्या बॅनरवर अलीकडे एक नवा चेहरा दिसतो. गळ्यात मफलर, मागे विद्यापीठाची दगडी इमारत आणि खाली ‘उच्च शिक्षणासाठी लंडनला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. पदवी मिळाली की दुसरा बॅनर लागतो, विहारात सत्कार होतो, आईला साडी नेसवली जाते. त्यानंतर मात्र सामसूम. पोरगं काय करतंय असं विचारलं की घरचे सांगतात, “तिकडंच हाय, चाललंय.” ही सामसूम मी केज-अंबाजोगाई भागातल्या काही घरांतून जवळून पाहिली आहे.

सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. फी भरली जाते, इंग्लंडमध्ये निर्वाहासाठी वर्षाला ९,९०० पौंड मिळतात. तिकडची मास्टर्स साधारण वर्षभरात संपते आणि तिच्याबरोबर निर्वाहभत्ताही संपतो. त्या ७५ मध्ये नसलेले कर्ज काढून गेलेले असतात, त्यांचा हप्ता थांबत नाही. म्हणजे नोकरी शोधण्याचा काळ सुरू होतो नेमका पैसा संपतो तेव्हा. वरच्या जातीतल्या, दोन पिढ्या नोकरीत असलेल्या घरातल्या मुलाला हाच काळ वडिलांच्या पैशावर काढता येतो. त्याच्या घरात याला ‘गॅप’ म्हणतात, आपल्याकडे ‘बसून आहे’ म्हणतात.

त्यात नियम बदलले आहेत. ब्रिटनमध्ये २०२१ पासून पदवीनंतर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, पीएचडीनंतर तीन वर्षांचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, तो १८ महिनेच मिळेल. पुढे कुशल कामगार व्हिसासाठी लागणारा किमान पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंड झाला आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० झाला. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी सवलतीची रक्कम ३३,४०० आहे. ही सवलत अनेकांना माहीत नसते आणि मोठा आकडा पाहूनच ते हात टेकतात. अमेरिकेत पदवीनंतरच्या ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. मात्र आपल्या विषयाशी संबंधित, आठवड्याला किमान २० तासांचं, कायद्यात बसणारं विनावेतन काम असेल आणि त्याची नोंद केली असेल, तर ते दिवस बेकारीत धरले जात नाहीत. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

पण मुलं मोडतात ती नियमांपेक्षा घरच्या फोनमुळे. एका मुलाने मला सांगितलं की तो आईचा फोन मुद्दाम रात्रपाळीच्या वेळी कट करायचा, म्हणजे तिला वाटावं की मोठ्या हापिसात मिटिंग चालू आहे. प्रत्यक्षात तो गोदामात खोकी लावत होता आणि आठवड्यातले चार दिवस तेही काम नव्हतं. बॅनरवरचा माणूस खोकी लावतो हे गावाला कसं सांगायचं, हा त्याचा प्रश्न.

मी त्याला एवढंच विचारलं, तुझी आई दिवाळीपर्यंत काय करते? तो गप्प झाला. आईवडील कोयत्यावर जाणारे. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि उन्हाळ्यात परत येते. मग पुढचा हंगाम येईपर्यंत मिळेल ती मजुरी, नाहीतर घरी. रिकामे महिने म्हणजे काय हे या जिल्ह्यातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. आपली पोरं समजतात की आईबापांना हे कळणार नाही. त्यांनाच ते सगळ्यात आधी कळतं.

आणि याच महिन्यांत आणखी एक गोष्ट घडते. मुकादम उचल देतो. घरात दाणा नसताना, दवाखाना निघालेला असताना, पुढच्या हंगामाची मजुरी आधीच हातात पडते आणि पुढचे सहा महिने बांधले जातात. फिटली नाही तर बाकी त्याच्या पुढच्या हंगामावर. माणूस कामावर असताना नव्हे, रिकामा असताना विकला जातो.

परदेशातला मुकादम उलटा आहे, तो पैसे देत नाही, घेतो. ‘स्पॉन्सरशिप मिळवून देतो, एवढे हजार पौंड भर’ असा मेसेज येतो तो नेमका व्हिसाचे शेवटचे काही महिने उरलेले असताना. स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र विकणं बेकायदेशीर आहे. केअर वर्करची परदेशातून होणारी थेट भरती तर २२ जुलै २०२५ पासून बंद आहे, तरी तिच्या नावाने इकडे गावात पैसे गोळा करणारे फिरतात. नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच थांबायचं. शेत गहाण टाकून पाठवलेली रक्कम परत आल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही.

इथे बाबासाहेबांचं नाव घ्यायचं तर जयजयकारासाठी नको, त्या एका वर्षासाठी घेऊ. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते परतले. सप्टेंबरमध्ये बडोद्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळेपर्यंत त्यांना पक्की नोकरी नव्हती. शिकवण्या घेतल्या, शेअर व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, जात कळताच गिऱ्हाईक गेलं. हे परदेशात नाही, मुंबईत घडलं, पण पदवी हातात आणि काम नाही ही अवस्था तीच. त्या काळातलं त्यांचं लेखन पाहा. भारतातल्या छोट्या शेतजमिनींवरचा निबंध आणि बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकाचं परीक्षण, दोन्ही १९१८ चे. त्या निबंधात शेतीवर नाइलाजाने साठून राहिलेल्या, रिकाम्या हातांचा प्रश्न आहे. स्वतःला नोकरी नसताना त्यांनी देशाच्या बेकार श्रमाचं अर्थशास्त्र लिहिलं. आणि लंडन विद्यापीठाने अभ्यास पुन्हा सुरू करायला ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांची मुदत दिली होती, ती त्यांनी नजरेआड होऊ दिली नाही. जुलै १९२० मध्ये ते परत निघाले.

मुदतीचं हे भान आपल्या मुलांना पहिल्या दिवसापासून हवं. व्हिसा संपण्याची तारीख भिंतीवर लिहावी आणि मागे मोजत यावं. खोली स्वस्त शहरात हलवावी, पोटापुरती रात्रपाळी करावी, त्यात लाज कसली? मात्र सगळे दिवस पाळीला देऊ नयेत. बहुतेक विद्यापीठांचा करिअर विभाग पदवीनंतरही काही काळ माजी विद्यार्थ्यांना मदत करतो, आपली मुलं तिथे जायला संकोचतात. शोधनिबंध धूळ खात पडलेला असतो, त्याचा लेख करावा, एक मराठीतही करावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये मात्र समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करायचा नाही असं तिथल्या सरकारने २०१८ मध्ये ठरवलं. या विषयावर तिकडच्या आंबेडकरी संघटनांना कागदपत्रं वाचणारी, टिपणं काढणारी माणसं हवीच असतात. तिथल्या ओळखीतून नोकरीची वाटही कळते. आणि परत यायचं ठरलं तर ते हरून आल्यासारखं मानू नये. इथे पुढच्या वर्षी अर्ज भरणाऱ्यांना फॉर्मपासून भाड्याच्या खोलीपर्यंत सांगणारा माणूस तालुक्यात सापडत नाही.

घरच्यांशी बोलणं ही आपली, कार्यकर्त्यांची जबाबदारी. सत्काराला जाणारे आपण पदवीनंतर सहा महिन्यांनी त्या घरी जात नाही. गेलो तर ‘नोकरी लागली का’ एवढंच विचारतो. त्या मुलाने शेवटी आईला खरं सांगितलं. तिने विचारलं, “जेवतोस ना वेळेवर?” आणि मग म्हणाली, “आमचा पट्टा पडायला अजून टाइम हाय. तू तुझं बघ निवांत.”

आता तो तिचे फोन उचलतो. रात्रपाळी तीन दिवसांवर आणली आहे, उरलेल्या दिवसांत अर्ज आणि ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरावरचा त्याचा शोधनिबंध. त्याच्या व्हिसाचे सात महिने बाकी आहेत.